वर्दी घेऊन आलेला योहान

नाताळची गोष्ट वाचायची म्हणून कुणी मार्काचे शुभवर्तमान उघडले तर त्याची फसगत होते. त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, पूर्वेकडचा तारा नाही. येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांवरच्या) हे सर्वांत आधी लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मथळ्यासारखी पहिली ओळ सोडली, तर त्याची सुरुवात होते उंटाच्या केसांचे वस्त्र नेसलेल्या, टोळ आणि रानमध खाऊन राहणाऱ्या एका माणसापासून. येशू प्रत्यक्ष येतो तो नवव्या वचनात, आणि येतो तोही या माणसाच्या हातून बाप्तिस्मा घ्यायला.

हा बाप्तिस्मा करणारा योहान. मराठीत वाचताना इथे एक घोटाळा हमखास होतो, तो आधीच मिटवून टाकू. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, दोन योहान महत्त्वाचे आहेत. एक हा, ज्याने स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही. दुसरा येशूचा शिष्य, ज्याच्या नावावर चौथे शुभवर्तमान आहे. त्या ग्रंथाला मी या लेखात ‘चौथे शुभवर्तमान’ एवढेच म्हणेन. नुसता ‘योहान’ म्हटले की तो नदीत बाप्तिस्मा देणारा समजायचा.

चर्चच्या भाषेत त्याला ‘अग्रदूत’ म्हणतात. पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेत ‘प्रोद्रोमोस’, म्हणजे पुढे धावणारा. आपल्या डोळ्यांसमोर लगेच भालदार-चोपदार उभे राहतात: महाराज येत आहेत, बाजूला व्हा. उपमा सोपी आहे, पण अर्धीच लागू पडते. चोपदाराला स्वतःचे असे काही सांगायचे नसते. योहानाला भरपूर सांगायचे होते. त्याचे स्वतःचे शिष्य होते, ते उपास करत, त्यांना त्याने प्रार्थना शिकवली होती. येशूच्या शिष्यांनी ‘योहानाने त्याच्या शिष्यांना शिकवली तशी आम्हालाही प्रार्थना शिकव’ अशी मागणी केल्याचे लूक नोंदवतो. आणि गंमत अशी, की ‘प्रोद्रोमोस’ हा शब्द नव्या करारात एकदाच येतो, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, आणि तोही योहानासाठी नव्हे तर येशूसाठी. म्हणजे हे बिरुद योहानाला पुढच्या पिढ्यांनी चिकटवले. शुभवर्तमानकारांच्या हाती बिरुद नव्हते. एक मोठा, लोकांना माहीत असलेला, नुकताच मारला गेलेला संदेष्टा होता, आणि त्याला येशूच्या गोष्टीत कुठे बसवायचे हा प्रश्न होता. तो त्यांनी यहूद्यांचे जुने ग्रंथ उघडून सोडवला.

मार्क सुरुवातीलाच म्हणतो, ‘यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात लिहिल्याप्रमाणे’, आणि दोन वचने देतो. त्यातले पहिले यशयाचे नाहीच, ते मलाखी या दुसऱ्या संदेष्ट्याचे आहे, त्याला निर्गम या ग्रंथातल्या शब्दांची जोड दिलेली. मत्तय आणि लूक यांनी ही चूक ओळखली असावी, कारण त्या जागी त्यांनी मलाखीचे वचन गाळले आणि पुढे दुसरीकडे वापरले. पण चुकीपेक्षा त्या वचनात झालेला बदल बघण्यासारखा आहे. मलाखीत देव म्हणतो: मी माझा दूत पाठवतो, तो ‘माझ्यापुढे’ वाट तयार करील. मार्कात तेच वचन येते तेव्हा होते: मी माझा दूत ‘तुझ्यापुढे’ पाठवतो, तो ‘तुझी’ वाट तयार करील. एक सर्वनाम बदलले. मलाखीच्या वचनात दूताच्या मागून स्वतः देव येणार होता. मार्काच्या वचनात त्या जागी येशू आहे. ‘अग्रदूत’ या कल्पनेचे सगळे वजन या एका सर्वनामावर आहे. योहान कोण, हे ठरवता ठरवता मार्काने येशू कोण हे सांगून टाकले.

दुसरे वचन खरेच यशयाचे, चाळिसाव्या अध्यायातले. तिथे विरामचिन्हाची भानगड आहे. मूळ हिब्रू वचनाचा तोल असा: एक वाणी ओरडते आहे, ‘अरण्यात परमेश्वराची वाट तयार करा.’ संदर्भ बाबेलच्या बंदिवासाचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाचा. यरुशलेमहून हाकलले गेलेले लोक वाळवंटातून घरी परतणार, त्यांच्यासाठी रस्ता अरण्यात करायचा आहे. शुभवर्तमानांत तेच वाक्य होते: ‘अरण्यात ओरडणाऱ्याची वाणी, प्रभूची वाट तयार करा.’ अरण्य रस्त्याकडून उठून ओरडणाऱ्याकडे गेले. जुन्या हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नसत, त्यामुळे असे वाचायला वाव होता. मराठी बायबलात दोन्ही जागा शेजारी उघडून ठेवल्या तर हा फरक आपल्यालाही दिसतो. आणि हे वचन वापरणारे ख्रिस्ती एकटे नव्हते. मृत समुद्राकाठी कुमरान इथे राहणाऱ्या एका यहूदी पंथाची हस्तलिखिते १९४७पासून सापडत गेली. त्यांच्या नियमावलीतही हेच वचन आहे. आम्ही अरण्यात येऊन राहिलो ते याच आज्ञेवरून, असे ते म्हणत, आणि वाट तयार करणे म्हणजे नियमशास्त्राचा अभ्यास, असा अर्थ लावत. योहान जिथे बाप्तिस्मा देत होता असे परंपरा मानते, ती जागा तिथून दिवसभराच्या चालीत आहे. तेवढ्यावरून योहान त्या पंथातला होता असे काही जण सांगतात. पुरावा नाही. पण एकच वचन, एकच अरण्य आणि वाट पाहणारे निरनिराळे लोक, हे चित्र खरे आहे.

आता त्या कपड्यांकडे वळू. मार्क कुणाच्या कपड्यांचे वर्णन सहसा करत नाही. योहानाचे मात्र करतो: उंटाच्या केसांचे वस्त्र आणि कमरेला कातडी पट्टा. ज्याला जुना करार, म्हणजे बायबलातला यहूद्यांच्या ग्रंथांचा भाग, पाठ आहे त्याच्या डोक्यात इथे लगेच घंटा वाजते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आजारी पडलेला राजा आपल्या नोकरांना विचारतो, वाटेत तुम्हाला भेटलेला माणूस दिसायला कसा होता? ते म्हणतात, केसाळ, कमरेला कातडी पट्टा बांधलेला. राजा म्हणतो, म्हणजे तो एलीया, तो जुना संदेष्टा. पट्ट्यावरून ओळख पटते. तोच पट्टा मार्क योहानाच्या कमरेला बांधतो आणि पुढे काही बोलत नाही.

एलीयाच का? कारण एलीया मेला नव्हता. गोष्टीप्रमाणे यार्देन नदी ओलांडून गेल्यावर अग्निरथ आला आणि वावटळीतून तो वर गेला. जो मेला नाही तो परत येऊ शकतो. मलाखीच्या अगदी शेवटी देव म्हणतो, परमेश्वराचा तो मोठा आणि भयंकर दिवस येण्याआधी मी एलीयाला पाठवीन. ख्रिस्ती बायबलात जुना करार या वाक्यांपाशी संपतो. पान उलटले की नवा करार.

एलीयाची ही वाट पाहणे यहूदी घरांत आजही चालू आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात. आणि त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहूदी, बेने इस्राएल, एलियाहू हन्नबीचे (हिब्रूत ‘एलीया संदेष्टा’) नाव घेऊन मलिदा करतात: गूळ-साखर, नारळ घातलेले पोहे आणि फळे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ म्हणून एक जागा आहे. तिथल्या खडकावरच्या खुणा एलीयाच्या रथाच्या, असे ते सांगतात. शुभवर्तमानकार ज्या वाट पाहणाऱ्या लोकांना उद्देशून लिहीत होते, त्यांचे नातलग म्हणावेत असे लोक रायगड जिल्ह्यात राहत आले. ‘एलीया येणार’ ही त्यांच्यासाठी पुस्तकातली उपमा नाही.

आपल्याकडचा वाचक इथे एक उडी मारतो. येशू म्हणतो, ‘स्वीकारायची तुमची तयारी असेल तर येणारा एलीया तो हाच.’ म्हणजे पुनर्जन्म का? मला हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे, आणि तो रास्त आहे. पण जमत नाही. पुनर्जन्माला आधी मरावे लागते, आणि एलीया मेलेला नाही. शिवाय योहानाला स्वतःचे आईबाप आहेत, स्वतःचा जन्म आहे. लूक नेमके शब्द वापरतो: तो ‘एलीयाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने’ पुढे चालेल. या भाषेला जुन्या करारातच आधार आहे. एलीया वर गेल्यावर त्याचा शिष्य अलीशा त्याचा झगा उचलतो, आणि लोक म्हणतात, एलीयाचा आत्मा अलीशावर उतरला. अलीशा म्हणजे एलीयाचा अवतार, असे तिथे कुणी म्हणत नाही. आपण ‘त्यांची गादी यांनी चालवली’ म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा हा अर्थ आहे.

मग हा गादी चालवणारा नदीत काय करत होता?

पाण्याने शुद्ध होणे यहूद्यांना नवे नव्हते. घराघरांत, मंदिराच्या पायथ्याशी पायऱ्यांची कुंडे होती. माणूस स्वतः उतरायचा, स्वतः बुडी मारायचा, आणि विटाळ झाला की पुन्हा. योहानाच्या बाप्तिस्म्यात दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एक, बुडी दुसऱ्या कुणाच्या हातून घ्यायची. म्हणून तर ‘बाप्तिस्मा करणारा’ हे त्याचे आडनावच झाले. दुसरी, ती रोजच्या विटाळासाठी नव्हती. आयुष्याची दिशा बदलली, याची ती एकदाची खूण होती. मराठीत आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो, आणि त्यात रडण्या-हळहळण्याचा सूर येतो. मूळ ग्रीक शब्दात मन पालटणे आहे, आणि त्यामागच्या हिब्रू शब्दात चक्क मागे वळून परत चालू लागणे.

मार्क म्हणतो, हा बाप्तिस्मा ‘पापक्षमेसाठी’ होता. यात केवढा दारूगोळा आहे ते चटकन लक्षात येत नाही. क्षमेची ठरलेली जागा यरुशलेमचे मंदिर होती. तिथे याजक, यज्ञ, प्राण्यांचे बळी. आणि लूकच्या सांगण्यानुसार योहान स्वतः याजकाचा मुलगा. बापाची पाळी मंदिरात धूप जाळायची, आणि मुलगा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून फुकटात क्षमा सांगतो आहे, तीही थेट यार्देन नदीत. त्या नदीचा अर्थ प्रत्येक यहूदी मुलाला ठाऊक होता. मिसरातून सुटलेले पूर्वज आपला पुढारी यहोशवा याच्या मागून हीच नदी ओलांडून आपल्या देशात शिरले होते. एलीया वर गेला तोही याच काठावरून. लोकांना इथे पाण्यात उतरवून बाहेर काढायचे म्हणजे जणू देशात नव्याने प्रवेश द्यायचा. आज जॉर्डनच्या बाजूला अल-मगतास नावाची ती जागा दाखवतात. २०१५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिथली नदी पाहून लोक हिरमुसतात म्हणे. गढूळ आणि एवढी अरुंद, की पलीकडच्या काठावर इस्रायलच्या ताब्यातल्या भागात बाप्तिस्मा घेणाऱ्यांशी सहज बोलता यावे.

त्याचे बोलणे गोड नव्हते. भेटायला आलेल्यांना तो ‘सापांच्या पिल्लांनो’ म्हणतो. आम्ही अब्राहामाची लेकरे, ही ढाल तो हातातून काढून घेतो: देव या धोंड्यांतूनही अब्राहामाला लेकरे देईल. कुऱ्हाड झाडांच्या मुळाशी ठेवलेलीच आहे. आणि येणाऱ्याच्या हातात सूप आहे, तो आपले खळे साफ करील, गहू कोठारात, भूस आगीत. इथे मराठी भाषांतराने ‘सूप’ शब्द घेतला. मूळ शब्द वारा देण्याच्या लाकडी फावड्यासारख्या अवजाराचा आहे. पण मराठी वाचकाला सूप म्हटले की खळे दिसते. लहानपणी मी उपणणी पाहिली आहे: वारा पडला की सगळे नुसते बसून राहायचे, आणि वारा सुटला की तिव्यावर (तीन पायांच्या घडवंचीवर) उभ्या माणसाच्या हातून दाणे सरळ खाली आणि भूस लांब. निवडत बसायचे काम नाही, वाराच निवडतो. योहानाला येणारा असा वाटत होता. आला की निवाडा. हे लक्षात ठेवा, पुढे तुरुंगात याचा उपयोग आहे.

लोक विचारतात, मग आम्ही करायचे काय? लूकने दिलेली उत्तरे आश्चर्य वाटावे इतकी साधी आहेत. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला दे. जकातदारा, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नकोस. शिपाया, कुणाला दमदाटी करून पैसे काढू नकोस, पगारात भागव. नोकरी सोडून अरण्यात ये, असे तो कुणालाही सांगत नाही. टोळ-मध त्याचा स्वतःपुरता. माझ्या मते प्रवचनांत सर्वांत कमी वापरला जाणारा योहान हाच आहे, आणि सर्वांत थेट बोलणाराही हाच.

याच प्रवचनात ते प्रसिद्ध वाक्य आहे: माझ्यामागून माझ्यापेक्षा समर्थ असा येतो आहे, त्याच्या पायतणाचा बंद वाकून सोडायचीही माझी योग्यता नाही. आपल्याला हे नम्रतेचे ठरावीक बोलणे वाटते. पण यहूदी रब्बींचे एक वचन आहे, की गुलाम मालकाची जी जी कामे करतो ती सगळी शिष्याने गुरूची करावीत, फक्त पायतण सोडण्याचे सोडून. म्हणजे शिष्यालाही जे काम नको म्हणून वगळले, तेवढ्याचीही माझी लायकी नाही, असे योहान म्हणतो.

आणि मग नेमका तो ‘समर्थ’ त्याच्यापुढे रांगेत येऊन उभा राहतो. इथे शुभवर्तमानकारांची पंचाईत झाली. बाप्तिस्मा पापक्षमेचा, मग येशूने तो का घेतला? बाप्तिस्मा देणारा मोठा की घेणारा? चौघांनी ही गाठ चार तऱ्हांनी हाताळली. मार्क बेधडक सांगून मोकळा होतो: आला, बाप्तिस्मा घेतला, आकाश फाटले. मत्तयात योहान अडवतो, ‘मीच तुझ्या हातून घ्यायला हवा, आणि तू माझ्याकडे येतोस?’ येशू म्हणतो, आता असू दे. लूक फारच चतुर. तो आधी योहानाला तुरुंगात टाकतो आणि मग बाप्तिस्म्याचे एक वाक्य लिहितो, ज्यात बाप्तिस्मा कुणी दिला ते नावच नाही. आणि चौथ्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याचा प्रसंग नाहीच. योहान फक्त सांगतो, आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरलेला मी पाहिला. ओळीने चारही वाचा, प्रसंग पायरीपायरीने पुसट होत जातो. इतिहासकार म्हणतात, येशूने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला ही गोष्ट खरी असली पाहिजे, ती यामुळेच. जी सांगताना अडचण होते, ती गोष्ट कुणी मुद्दाम रचत नाही.

लूकने आणखी एक युक्ती केली. दोघांतली थोरवी त्याने जन्माआधीच लावून दिली. म्हातारा याजक जखऱ्या आणि मूल नसलेली अलीशिबा. मंदिरात धूप जाळताना गब्रीएल देवदूत सांगतो, मुलगा होईल. जखऱ्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते. सहाव्या महिन्यात येशूची आई मरीया अलीशिबेला भेटायला येते, आणि तिचा आवाज ऐकून अलीशिबेच्या पोटातले बाळ उसळी मारते. वर्दी देण्याचे काम योहानाने सुरू केले ते असे, बोलता येण्याआधी. आठव्या दिवशी नातेवाईक बापाचेच नाव ठेवायला निघतात (नाव ठेवण्यावरून नातेवाइकांची ढवळाढवळ दोन हजार वर्षांपूर्वीही होतीच), तेव्हा जखऱ्या पाटीवर लिहितो, ‘याचे नाव योहान आहे’, आणि वाचा परत येते.

पोटातली ती उसळी गोव्याने डोक्यावर घेतली. २४ जूनला सांजांव, म्हणजे संत योहानाचा सण. पावसाने भरलेल्या विहिरी, डोक्यावर पानाफुलांची कोपेल आणि ‘व्हीवा सांजांव’ म्हणत पाण्यात उड्या. नव्या जावयाचे कौतुकही त्याच दिवशी. शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. उडी का, तर बाळाने आईच्या पोटात मारली म्हणून, असे सांगतात. आणि २४ जूनच का, तर अलीशिबेला मरीयेपेक्षा सहा महिने जास्त झाले होते. २५ डिसेंबरवरून उलटे मोजा. संतांचा सण सहसा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतो. ज्यांच्या जन्माचा सण पाळतात असे येशू, मरीया आणि योहान हे तिघेच. योहानाच्या वाट्याला दोन्ही सण आले आहेत. शिरच्छेदाचा २९ ऑगस्टला.

चौथे शुभवर्तमान मात्र सगळे सोडून एकाच गोष्टीच्या मागे लागते: हा तो नव्हे. पहिल्याच अध्यायात बजावले जाते, ‘तो स्वतः प्रकाश नव्हता, प्रकाशाची साक्ष द्यायला आला होता.’ यरुशलेमहून चौकशीला माणसे येतात. तू ख्रिस्त, म्हणजे येणारा तारणारा, आहेस का? नाही. एलीया? नाही. येणारा तो संदेष्टा? नाही. मग आहेस तरी कोण? ‘मी वाणी आहे.’ इथे सरळसरळ विसंगती दिसते. मत्तयात येशू म्हणतो हाच एलीया, आणि इथे योहान स्वतः म्हणतो मी एलीया नाही. काही जण समजूत घालतात की तो स्वर्गातून उतरलेला प्रत्यक्ष एलीया असल्याचे नाकारतो, एलीयाचे काम नाकारत नाही. पटण्यासारखे आहे. पण मला यामागे लेखकाची घाईही दिसते. योहानाकडून प्रत्येक मोठे पद काढून घ्यायचे, इतके की शेवटी फक्त आवाज उरला पाहिजे. एवढा आटापिटा का? कारण योहानाला प्रकाश मानणारी माणसे तेव्हाही आसपास असावीत. त्यांच्याकडे वळण्याआधी, त्याच ग्रंथातले योहानाचे शेवटचे बोलणे: वधू ज्याची तोच वर, वराचा मित्र त्याचा आवाज ऐकून आनंदतो, ‘त्याने वाढावे, मी कमी व्हावे.’ संत ऑगस्टीनने यावर एक सुंदर टिपण केले आहे. योहानाचा सण येतो तेव्हा दिवस लहान होऊ लागतात, आणि नाताळ येतो तेव्हा वाढू लागतात.

हे इतके नीट बसलेले चित्र मत्तय आणि लूक यांच्यातला एक प्रसंग हलवून टाकतो. गालीलचा अधिपती हेरोद अंतिपा याने योहानाला तुरुंगात टाकलेले असते. तिथून तो शिष्यांच्या हाती येशूला विचारतो: ‘जो यायचा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?’ ज्याने उडी मारून ओळखले, ज्याने कबूतर पाहिले, तोच विचारतो आहे. जुन्या भाष्यकारांना हे सहन झाले नाही. त्यांनी लिहिले, त्याला स्वतःला शंका नव्हती, शिष्यांची खात्री पटावी म्हणून त्याने विचारले. मला वाटते, प्रश्न खराच असावा, आणि त्याचे कारण त्या सुपात आहे. योहानाने कुऱ्हाड सांगितली होती, भूस जाळणारी आग सांगितली होती. कोठडीपर्यंत बातम्या काय येतात? आंधळे पाहतात, लंगडे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगतात, जकातदारांबरोबर जेवणे होतात. निवाडा कुठे आहे? भूस तर राजवाड्यात आरामात बसलेले. येशू उत्तरात ‘हो’ म्हणत नाही; या बातम्याच परत पाठवतो, आणि त्या यशयाच्या शब्दांत. तुझा ग्रंथ तोच, पण मी त्यातली दुसरी पाने वाचतो आहे, असे काहीसे. योहानाला ते पटले का, हे एकही शुभवर्तमान सांगत नाही.

निरोप्ये गेल्यावर येशू लोकांना विचारतो, अरण्यात काय पाहायला गेला होता? वाऱ्याने हलणारा बोरू? तलम वस्त्रे घातलेला माणूस? तसले राजवाड्यात असतात. हेरोद अंतिपाच्या सुरुवातीच्या नाण्यांवर बोरूचेच चित्र आहे, त्यामुळे टोमणा कुणाला होता ते ऐकणाऱ्यांना कळले असेल. मग तो म्हणतो, हा संदेष्ट्याहूनही मोठा. स्त्रीपोटी जन्मलेल्यांत याच्याहून थोर कुणी झाला नाही. तरी देवाच्या राज्यातला सर्वांत लहान तो याच्याहून थोर. अग्रदूताची जागा येशूच्या तोंडून अशी ठरते: उंबऱ्यावर. जुन्या घरातला शेवटचा आणि सर्वांत मोठा.

पुढचे लोकांना माहीत असते. हेरोदाने सावत्र भावाची बायको हेरोदिया घरात आणली, योहान म्हणाला हे तुला योग्य नाही, वाढदिवसाच्या मेजवानीत तिची मुलगी नाचली आणि तबकात शिर मागितले. मुलीचे सालोमे हे नाव शुभवर्तमानांत नाही, ते यहूदी इतिहासकार योसेफस याच्याकडून कळते. योसेफसने योहानाच्या मृत्यूचे वेगळे कारण दिले आहे. लोक त्याच्या शब्दासरशी काहीही करतील, बंड होईल, या धास्तीने हेरोदाने त्याला मृत समुद्राच्या पूर्वेच्या मखैरस किल्ल्यात मारले. दोन्ही कारणे एकमेकांना खोडत नाहीत. हेरोदाने ज्या बायकोला दूर केले ती शेजारच्या नबाती राजाची मुलगी होती, आणि त्या राजाने पुढे हेरोदाच्या सैन्याचा धुव्वा उडवला. योहानाला मारल्याची ही शिक्षा, असे लोक म्हणत. राजाच्या लग्नाबद्दल बोलणे हे राजकारणच होते.

मार्क ही गोष्ट विस्ताराने सांगतो, आणि त्याचे शब्द जपून पाहावेत. योहानाच्या अटकेला तो ‘हवाली केले गेले’ हे क्रियापद वापरतो. येशूच्या अटकेला पुढे तेच. मारण्याची इच्छा नसताना गर्दीपुढे मान टाकणारा अधिकारी दोन्हीकडे आहे, इथे हेरोद, तिथे रोमी सुभेदार पिलात. शेवटी योहानाचे शिष्य येतात, ‘प्रेत’ घेऊन जातात आणि कबरेत ठेवतात. येशूच्या वेळी मार्क तोच शब्द पुन्हा वापरतो. एकदा डोंगरावरून उतरताना येशूचे शिष्य त्याला विचारतात, एलीया आधी यायला हवा ना? येशू म्हणतो, तो येऊन गेला, आणि लोक त्याच्याशी मन मानेल तसे वागले. वाट तयार करणे म्हणजे काय, याचे मार्काचे उत्तर इथे पूर्ण होते. जो पुढे गेला तो त्याच रस्त्याने गेला, मरणापर्यंत.

एक फरक मात्र राहतो. येशूच्या कबरेजवळ त्याचे बारा शिष्य नव्हते, योहानाचे शिष्य शेवटपर्यंत आले. आणि ते त्याच्या पश्चातही टिकले. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात ख्रिस्ती प्रचारक पौलाला इफिसात सुमारे बारा माणसे भेटतात. तुम्ही कोणता बाप्तिस्मा घेतला? ‘योहानाचा.’ पवित्र आत्मा आहे हेही त्यांच्या कानावर आलेले नाही. गोष्ट घडली तेव्हा योहानाला मारून वीसेक वर्षे झाली होती, आणि इफिस यार्देनपासून समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानात.

इराक आणि इराणच्या नद्यांकाठी मंडाई नावाचा एक छोटा समाज आहे. युद्धांमुळे त्यातले बरेच आता ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनमध्ये गेले. ते येशूला मशीहा मानत नाहीत. योहान त्यांचा थोर गुरू आहे, आणि त्यांच्या लेखी तो कुणाच्या आधी आलेला नाही. पांढरी वस्त्रे घालून ते वाहत्या पाण्यात पुन्हा पुन्हा बाप्तिस्मा घेतात, आणि नदी कोणतीही असो, त्या पाण्याला त्यांच्या भाषेत एकच शब्द आहे: यर्दना.